आईची सही पुरेशी का मानली जात नाही?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सोलापुरात प्राथमिक शिक्षिका असताना माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया विडी कामगार होत्या आणि त्यांतल्या अनेकजणी, कुणी विधवा तर कुणी नवऱ्याने टाकलेली, एकट्याने संसार ओढत होत्या. हजार विड्यांवर मजुरी ठरत असल्याने सकाळच्या पालकसभेला येणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईला कात्री लागणे. तरीही त्या येत, मागच्या भिंतीशी बसत आणि मुलाची तक्रार ऐकल्यावर “मीच कुठंतरी कमी पडते, बाई” एवढेच म्हणत.

त्या कमी पडत नव्हत्या. विड्यांचे कट्टे बांधता बांधता एकीने मुलाकडून पंचविसाचा पाढा पाठ करून घेतला होता. मी तिला सभेत उभे करून हे सर्वांना सांगायला लावले, तेव्हापासून ती पुढच्या रांगेत बसू लागली. एवढ्या साध्या गोष्टीला मलाच फार उशीर झाला, याची खंत आजही वाटते.

या बायकांचा धीर खचतो तो केवळ गरिबीने नव्हे. प्रत्येक खिडकीवर “मुलाचे वडील कुठे आहेत?” हा प्रश्न असतो. विधवेकडे मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. परित्यक्तेकडे मात्र नवरा नांदवत नाही हे सिद्ध करणारा कागदच नसतो. वास्तविक २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ महिलेला कुटुंबप्रमुख मानले आहे आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय आपल्याच राज्याने घेतला आहे. एक पालक असलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. पण मुलाला ताप आलेला असताना कामाचा खाडा करून कागदांसाठी चार चकरा मारणे जिला परवडत नाही, तिच्यापर्यंत ही रक्कम पोहोचणार कशी?

माझी शिक्षण आणि महिला व बालविकास या दोन्ही खात्यांना विनंती आहे, की शाळेच्या प्रत्येक अर्जावर एकट्या आईची सही पुरेशी धरावी, पालकसभा संध्याकाळी घ्याव्यात आणि परित्यक्तेच्या बाबतीत अंगणवाडी सेविका व मुख्याध्यापक यांनी मिळून दिलेला दाखला योजनेसाठी ग्राह्य मानावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर