पट्टी माशाला नको, खोल्याला लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘लहान मासळीवर कारवाई’ ही कालची बातमी वाचली. धक्क्यावर पट्टी घेतलेले अधिकारी, टोपलीत बोटभर बांगडे आणि खाली ‘सागरी संवर्धनाला बळ’ अशी ओळ. बांगडे मेलेले होते, एवढेच लिहायचे राहिले.

शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली, हे चांगलेच झाले. पण पिल्लू धक्क्यावर मोजून वाचत नाही. वाचले तर समुद्रात, खोल्यातूनच, म्हणजे जाळ्याच्या शेवटी मासळी साठते त्या पिशवीतूनच. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, नेहमीच्या खोल्याचा आस (जाळ्याचे भोक) शंकरपाळीसारखा तिरका असतो. मासळी भरून ओढ बसली की तो लांबट होऊन मिटतो. चौकोनी आसाच्या दोन बाजू ओढीच्या दिशेनेच असतात, म्हणून तो उघडा राहतो. अशा चौकोनी आसाच्या खोल्याबद्दल आपल्या बातमीदाराने ‘४० मिमीची भोके’ असे लिहिले आहे. अहो, ४० मिमी हे आस ताणून घेतलेले माप! चौकोनाची बाजू भरते २० मिमी. अशा बातम्यांमुळेच ‘सगळी मासळी पळणार’ ही ओरड होते. जाते ती बारीक मासळी आणि चिखल. उरलेली चेंगरत नाही आणि निवडायलाही वेळ कमी लागतो.

फसते कुठे, तेही छापा. गाठीचे जाळे तिरके कापून चौकोनी केले की गाठी सरकतात आणि आस वाकडा होतो. बिनगाठीचे जाळेच घ्यावे. तिरक्या आसाच्या भागाला खोला जोडताना जास्तीचे आस सगळ्या शिवणीत सारखे वाटून घ्यावे लागतात, नाहीतर एकाच जागी ताण येऊन शिवण उसवते. आणि खोल्यावर बारीक आसाचे दुसरे आवरण चढवले की सगळेच फुकट. पट्टी लावायचीच तर तिथे लावा.

बदलायचा असतो फक्त खोला, अख्खे जाळे नाही. ते काम १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत, जाळी दुरुस्तीला काढलेली असताना होते. अनुदानाचा खोला ऑगस्ट उलटल्यावर मिळाला तर तो माळ्यावर जातो. चौकोनी आसातून बारीक कोलंबीही निसटते, हे मान्य करून निदान पहिल्या हंगामाची तूट भरून द्यायला हवी. दंडाची पावती मात्र वेळेवर मिळते!

पापलेटची गोष्ट वेगळी. त्याची किमान लांबी १३५ मिमी; पण मासा चपटा आणि रुंद, त्याच्या निम्म्या लांबीचे पिल्लूही त्या चौकोनातून बाहेर पडणार नाही. शिवाय त्याची पिल्ले डोलीतही, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यातही, सापडतात आणि जवळ्यासाठी डोलीचा खोला बारीकच लागतो. तिथे ४० मिमी लादणे म्हणजे डोलकराला घरी बसवणे. पिल्ले ज्या पट्ट्यात, ज्या दिवसांत येतात तिथली डोल तेवढ्यापुरती उचलावी आणि ते गावकऱ्यांना विचारून ठरवावे. कोणाची डोल कुठे लागते, हे त्यांना माहीत असते.

जाता जाता : ‘राज्यमासा पापलेट’ म्हणून आपण छापलेला फोटो हलव्याचा आहे. रंग काळपट, शेपटीच्या मुळाशी कडक खवल्यांची धार. राज्यमासा तो रुपेरी सरंगा. दुरुस्ती छापाल तेव्हा फोटो आधी एखाद्या मासेवालीला दाखवून घ्या.

कळावे,
एक वाचक