बी बाजू

इंदूर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस की अरे सगळी गाणी मोबाईलवर मिळतात तर तू ह्या सात इंची जुन्या रेकॉर्डी कशाला गोळा करत बसतोस, आणि त्या पण इंग्रजी पॉपच्या, आणि मी बोलायला लागणार तेवढ्यात तुला दुसरा फोन आला. मग म्हटलं पत्रच लिहू, ह्याचं उत्तर दोन वाक्यांत होणारं नाही आणि तुला ते नीट कळावं असं मला मनापासून वाटतं.

तर एका रेकॉर्डबद्दलच सांगतो. इथून जवळच महूला एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं, छावणीचं गाव असल्यामुळे तिथे बाहेरून आलेल्या वस्तू अजून निघतात, तिथून मला बोनी एम ह्या डिस्को ग्रुपची सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, मिळाली, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', 1978 ची, इंग्लंडमध्ये छापलेली. घरी आणून खिडकीशी उजेडात तिरकी धरली. ए बाजू काळीभोर, चकचकीत, जेमतेम वाजलेली. उलटली तर बी बाजू पार करडी पडलेली, सुरुवातीला जिथे सुई टेकवतात तिथे ओरखडेच ओरखडे, आणि लेबलवर मधल्या भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं. ह्या रेघा कशा पडतात माहितीये का, घाईघाईत रेकॉर्ड ठेवताना मधली पिन भोकात पटकन बसत नाही, लेबलवर घासत फिरते. म्हणजे त्या बंगल्यात कोणीतरी, बहुतेक पोरंटोरं, ही बाजू परत परत, धावत येऊन लावत होती.

त्या बाजूला 'ब्राउन गर्ल इन द रिंग' आहे. ते मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लहान मुलांचं खेळातलं गाणं, गोल करून मधे एकीला उभं करायचं आणि तिने नाचून दाखवायचं, आपल्या भोंडल्याच्या फेरासारखं. आणि खरी मजा पुढे आहे, इंग्लंडमध्ये पण हुबेहूब हेच झालं होतं. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' पाच आठवडे एक नंबरवर राहिलं, मग उतरायला लागलं, आणि तेवढ्यात रेडिओवाले रेकॉर्ड उलटी करून लावायला लागले, तर तीच सिंगल परत चढत चढत दोन नंबरला जाऊन पोचली आणि वीस लाखांच्या वर खपली. ए बाजूचं गाणंही साधं नाही रे, त्याचे शब्द बायबलमधल्या 137 व्या स्तोत्रातले, देश सुटलेल्या ज्यूंनी बॅबिलॉनच्या नदीकाठी बसून केलेला शोक, तो जमैकाच्या मेलोडियन्स नावाच्या ग्रुपने 1970 मध्ये आपल्या पद्धतीने गायला आणि तिथून तो बोनी एमकडे आला. आपण शाळेच्या गॅदरिंगला ज्याच्यावर नाचलो ते निर्वासितांचं रडगाणं होतं, हे मला ती रेकॉर्ड हातात आल्यावर शोधायला लागलो तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून ते गाणं मी वेगळ्याच कानाने ऐकतो.

आता मोबाईलवर ही दोन्ही गाणी आहेत, मान्य, पण कुठल्या घराला कुठली बाजू आवडली होती हे मोबाईलवर नाहीये. माझं सगळं वेड इथून सुरू होतं बघ.

सिंगल म्हणजे एका गाण्यावर लावलेला पैसा. 1949 मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने अमेरिकेत ही सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांची रेकॉर्ड काढली, त्याच्या आदल्या वर्षी कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी रेकॉर्ड, आणली होती म्हणून ही त्यांची टक्कर. व्हिनाइलची, हलकी, आजोबांच्या 78 च्या लाखेच्या रेकॉर्डीसारखी पडली की फुटली असं नाही. एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटं मावतात, जास्त कोंबलं तर सुई ज्यातून फिरते त्या खाचा अरुंद होतात आणि आवाज बारीक येतो, म्हणून त्या काळची पॉप गाणी तीन मिनिटांत आटपतात. कंपनीला जे गाणं चालवायचंय ते ए वर. पण रेकॉर्डला दुसरी बाजू असतेच, ती सहसा कोरी ठेवत नाहीत, मग तिथे काहीतरी घालायचं. हे "काहीतरी" म्हणून घातलेलं गाणंच कितीदा तरी सगळ्यांना पुरून उरलंय, आणि मी जमवतो त्या मुख्यतः ह्याच रेकॉर्डी.

बिड्डू आठवतो ना? बंगलोरचा मुलगा, साठच्या दशकात लंडनला गेला आणि तिथे प्रोड्यूसर झाला. 1974 मध्ये तो कार्ल डग्लस नावाच्या जमैकात जन्मलेल्या गायकाकडून एक गाणं करून घेत होता, ए बाजूचं, आणि स्टुडिओचा जवळजवळ सगळा वेळ त्यातच गेला. बी बाजूला काय घालायचं म्हणून डग्लसने आपले लिहिलेले शब्द दाखवले, बिड्डूने तिथल्या तिथे चाल लावली, आणि शेवटच्या दहाएक मिनिटांत ते उरकलं. त्यात जे "हू" आणि "हा" आहेत ते पण अशाच हलक्याफुलक्या मूडमधले, बी बाजू कोण ऐकतंय म्हणून. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने दोन्ही ऐकली आणि म्हणाला, हीच ए बाजू. ते 'कुंग फू फायटिंग'. इंग्लंडमध्ये एक नंबर, अमेरिकेत एक नंबर, जगभर एक कोटीच्या आसपास प्रती. आणि तोच बिड्डू सहा वर्षांनी, 1980 ला, 'कुर्बानी'मध्ये 'आप जैसा कोई' करतो, पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून गाऊन घेतो, जे आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या बँडने वाजवलं. त्या उरल्यासुरल्या दहा मिनिटांचं मला फार वाटतं यार. पुढचं सगळं त्यातून निघालं.

'आय विल सर्व्हाइव्ह' पण बी बाजू. ते गाणारी ग्लोरिया गेनर स्टेजवर पडली होती, पाठीचं ऑपरेशन झालं होतं, पाठीला पट्टा बांधून तिने 1978 मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं, आणि कंपनीने ए बाजूला दुसरंच गाणं ठेवलं. न्यूयॉर्कच्या डिस्कोतल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी केली आणि लोक नाचायला लागले, मग कंपनीला जाग आली. 1979 मध्ये ते अमेरिकेत एक नंबर झालं. पट्टा बांधलेली बाई "मी जगेन" म्हणतेय, हे माहीत असलं की तो आवाज कसा ऐकू येतो ते तू एकदा हेडफोन लावून बघच.

क्वीन बँडचं तर तुला सांगायलाच नको, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेतला फारोख बलसारा, तिथेच त्याने मित्रांबरोबर पहिला बँड काढला. 'बोहेमियन रॅप्सडी' 1975 च्या ऑक्टोबरच्या शेवटी सिंगल म्हणून आली, पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, आणि सगळे म्हणत होते एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणारच नाही. लंडनच्या कॅपिटल रेडिओच्या केनी एव्हरेटने एका वीकेंडमध्ये ते चौदा वेळा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानात रेकॉर्ड मागायला गेले, ती अजून विक्रीला यायचीच होती. पण माझं लक्ष परत बी बाजूकडे. तिथे ड्रमर रॉजर टेलरचं 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' आहे. रॉयल्टीचा हिशोब रेकॉर्डमागे होतो, दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखा वाटा, त्यामुळे लोकांनी रेकॉर्ड घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी आणि तेवढाच पैसा टेलरलाही मिळाला. बँडमध्ये ह्यावरून बरीच वर्षं धुसफूस होती. मला टेलरचं गाणं आवडतं, कोणी काही म्हणो.

तू म्हणशील ह्यात आपलं काय आलं. अरे तू इंदूरचं मीठ खाल्लेला माणूस, तुला मी काय सांगू! अरुण दाते इथलेच, रामूभैय्या दात्यांचे चिरंजीव, उर्दू-हिंदी गझल गाणारा, टेक्स्टाइल इंजिनियर झालेला माणूस, त्याला मराठी भावगीत गा म्हटलं तर तो नको म्हणत होता, म्हणे आम्ही इंदूरकडचे, आमचे मराठी उच्चार कसे चालतील. संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी सोडलं नाही. 1962 मध्ये पाडगावकरांचं 'शुक्रतारा मंद वारा' आकाशवाणीवरून वाजलं, सोबत सुधा मल्होत्रा, आणि पुढचं तुला पाठच आहे. आमच्या आईकडे ती रेकॉर्ड होती, कव्हरच्या कोपऱ्यात तिने स्वतःचं नाव आणि माहेरचा रामबागेचा पत्ता लिहिलाय, कारण शेजारीपाजारी ऐकायला मागून न्यायचे आणि ती परत यावी म्हणून. बोनी एमच्या बाजूला मी तीच ठेवलीये कपाटात. भाषेवरून वेगळं कपाट करायचं मला पटत नाही.

आणि अजून एक, हे ऐकून तू खूश होशील. 1997 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नरशॉप नावाच्या बँडने, त्यांचा तजिंदर सिंग पंजाबी घरातला, एक सिंगल काढली 'ब्रिमफुल ऑफ आशा'. आशा म्हणजे आपल्या आशाताईच. अख्खं गाणं पार्श्वगायकांबद्दल आणि 45 च्या रेकॉर्डींबद्दल आहे, त्यात रफीसाहेबांचं नाव घेऊन "फॉर्टी-फाइव्ह", लताबाईंचं नाव घेऊन "फॉर्टी-फाइव्ह" असा गजर आहे. पहिल्यांदा आलं तेव्हा साठाव्या नंबरच्या पुढे सरकलं नाही, मग नॉर्मन कुक नावाच्या डीजेने वेग वाढवून नवा रीमिक्स केला आणि 1998 च्या फेब्रुवारीत ते इंग्लंडमध्ये एक नंबर. विचार कर, शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या आपल्या लताबाई आणि सांगलीच्या आशाताई, दोघींचं नाव घेत तिकडची पोरं नाचली. ही सिंगल माझ्याकडे आहे, येशील तेव्हा लावू. पिगडंबरचं लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय पण तू अजून बघितलेलं नाहीस, एक सकाळ तिकडे, येताना छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी.

आता कामाचं. तू बोलता बोलता म्हणालास की दादरच्या काकांचं घर रिडेव्हलपमेंटला जातंय आणि माळ्यावर "कसल्यातरी छोट्या रेकॉर्डी" एका खोक्यात आहेत, त्या भंगारात जातील. बंड्या, जाऊ देऊ नकोस. हात जोडून सांगतो. खोका आधी सावलीत आण, गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नकोस, मे महिन्यात तासाभरात वाकतात. एकावर एक रचू नकोस, फाइलीसारख्या उभ्या ठेव, फार ढिल्या नाही आणि ठासूनही नाही. कव्हरला बुरशी असेल तर कव्हर फेकू नको, त्यावर काकांनी काही लिहिलं असेल तर मला तेच पाहिजे. धूळ कोरड्या फडक्याने घासायची नाही, ती खाचेत जाऊन ओरखडे पाडते, ते मी इथे पाण्यात एक थेंब डिशवॉशचा टाकून, लेबल कोरडं ठेवून, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसून नीट करतो. आणि तुमच्याकडच्या त्या सूटकेसवाल्या प्लेअरवर लावून बघायचा मोह आवर, त्याची सुई जड बसते.

त्यात एक रेकॉर्ड असू शकते जी मी कधीपासून शोधतोय. रफीसाहेबांनी इंग्रजीत दोन गाणी गायली होती, शंकर-जयकिशननी केलेली, शब्द हरिंद्रनाथ चट्टोपाध्यायांचे, सात इंची 45 वर. एका बाजूला 'बहारों फूल बरसाओ'ची चाल, दुसऱ्या बाजूला 'हम काले हैं तो क्या हुआ'ची, आणि दोन्हीवर इंग्रजी शब्द. मी ती नेटवर ऐकलीये, त्या उच्चारात रफीसाहेबांची जी काळजी आहे, एक एक शब्द जपून ठेवलाय, ती ऐकून गलबलून येतं मला. तुझे काका चित्रपटसंगीतातले दर्दी, ते एचएमव्हीच्या दुकानात नेहमीचे, त्यांनी ती घेतली असण्याची चांगली शक्यता आहे. कुत्र्याचं लेबल, मागे बारीक अक्षरात डमडम, म्हणजे कलकत्त्याजवळ त्यांचा कारखाना होता तिथलं नाव, आणि वर इंग्रजीत रफीसाहेबांचं नाव. दिसली तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, लेबलचे आणि खाचांचे पण, तिरक्या उजेडात काढलेले. काकांनी जास्त कुठली बाजू वाजवली ते मी इथूनच सांगतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या