गाठ काढली, तरी किरणं कशाला?

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दाजींचा प्रश्न तू फोनवर विचारलास आणि मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोललो. डॉक्टर गाठ पूर्ण काढली म्हणतात, मग किरणं आणि गोळ्या कशाला? आता सवडीनं लिहितो.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीला कड नसते रे. स्कॅनमध्ये दिसते तिच्या पलीकडे तिच्या पेशी पांगलेल्या असतात. 1928 मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जननं अशा काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भागच काढला होता. रोग तरीही उलटलाच.

या पेशी इतक्या लांब जातात कशा, यात प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा मोठा हात आहे. मेंदूतल्या पेशींमधली जागा हायलुरोनन (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) आणि प्रथिनांच्या जाळीनं भरलेली असते. गाठीच्या पेशी एमएमपी-2, एमएमपी-9 (एमएमपी हा अशा एन्झाइमचा एक गट), कॅथेप्सिन-बी, युरोकायनेज अशी एन्झाइम वापरून ती जाळी तोडतात आणि रक्तवाहिन्यांच्या, मज्जातंतूंच्या कडेनं सरकतात. युरोकायनेजमुळे प्लाझमिन तयार होतं, ते पुढच्या एन्झाइमना जागं करतं. जाळीत अडकलेली वाढीची द्रव्यंही मोकळी होतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

मला मात्र खरा धक्का बसला तो पुढच्या भागानं. एमएमपी-2 बाहेर पडतं तेव्हा निष्क्रिय असतं. ते चालू करणारं एन्झाइम, एमटी1-एमएमपी, गाठीभोवतीच्या मायक्रोग्लियावर भरपूर सापडतं. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे स्वतःचे पहारेकरी! बर्लिनच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की गाठच त्यांना ते बनवायला लावते. घरच्याच माणसानं आतून कडी काढून द्यावी, तसा प्रकार.

चेतापेशीही सुटलेल्या नाहीत. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटानं 2015 आणि 2017 मध्ये दाखवलं, की चेतापेशी काम करत असताना न्यूरोलिजिन-3 या प्रथिनाचा तुकडा सुटतो आणि गाठ त्यावर वाढते. तो तुकडा तोडतं एडॅम-10 हे एन्झाइम. उंदरांमध्ये ते अडवल्यावर गाठीची वाढ मंदावली.

मग ही एन्झाइम बंद करणारं औषध का देत नाहीत, असं तू विचारशीलच. देऊन झालं. मॅरिमास्टॅट हे बऱ्याच एमएमपी एकदम अडवणारं औषध ग्लायोब्लास्टोमात वापरून पाहिलं. सांधे दुखू लागले, आयुष्य वाढलं नाही. माझ्या मते त्यात नवल नाही. हीच एन्झाइम शरीर जखम भरायला, हाडं-सांधे सांभाळायला वापरतं, आणि पेशी पांगून झाल्यावर वाट अडवून फारसं साधत नाही. म्हणून किरणं आणि टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या: उरलेल्या पेशी मारायच्या. 2005 च्या मोठ्या चाचणीत नुसत्या किरणांवर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 12.1 महिने होतं, गोळ्या जोडल्यावर 14.6. आकडा लहान आहे, तुझ्यापासून लपवत नाही. दाजींना कितपत सांगायचं ते ताईला विचारून ठरव.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या 'एन्झाइमच्या गोळ्या' आणि पपईचा रस यांनी गाठ विरघळत नाही. पैसे घालवू नका. सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन मात्र मनानं एकदम थांबवू नका.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आणि एमजीएमटी (गाठीत तपासलेली दोन जनुकं) या शब्दांपुढे काय लिहिलंय, त्याचा फोटो पाठव. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यावरून ठरवू.

तुझा,
मिलिंद