तात्या, त्या दिवशी पेढे थांबवलेत म्हणून

तात्या,

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. टीव्हीवर सकाळपासून अर्थसंकल्पाचीच चर्चा, आणि मध्येच बातमी आली की बंगळूरच्या एचएएल विमानतळावर हवाई दलाचं मिराज २००० उड्डाण घेताना कोसळलं. आमचा धाकटा बंगळूरलाच. सांबऱ्याला ट्रेनिंग झाल्यापासून हवाई दलात तंत्रज्ञ. ड्यूटीवर फोन जवळ नसतो हे ठाऊक असूनही आई नंबर लावतच राहिली.

तेवढ्यात गल्लीच्या ग्रुपवर त्याचा वर्दीतला फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कशावरून, कुणी सांगितलं, काही नाही. मग माईक घेऊन एक पोरगा दारात. आईला विचारतो, "शेवटचं बोलणं काय झालं?" फोटो टाकणाऱ्यानं तो नंतर गुपचूप काढला. पण आईसमोर येऊन एक शब्द बोललेला नाही, आणि राहतो चार घरं सोडून.

तुम्ही आलात. "काही होणार नाही" असलं खोटं बोलला नाहीत. माईकवाल्याला जिना उतरवलात, टीव्ही बंद केलात आणि पलटणीतल्या जुन्या ओळखी काढून फोन करत बसलात. धाकट्याचा आवाज आला तेव्हा स्वतः हॅलोसुद्धा न म्हणता फोन आईच्या कानाला लावलात.

एवढ्यावरच तुमचे पाय धरायला हवे होते. पण माझ्या मनात राहिलंय ते त्यानंतरचं. कुणीतरी आनंदानं पेढ्यांचा बॉक्स आणला. चूक त्यांचीही नव्हती, सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता. तुम्ही बॉक्सवर हात ठेवलात आणि म्हणालात, "वैनी, ह्ये आज नगं. आपला गावला, पर दोन घरातली पोरं गेल्यात." आईनं मान हलवली आणि देवापुढं दिवा लावला, त्या दोघांसाठी.

स्क्वाड्रन लीडर समीर अबरोल आणि स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ नेगी. अद्ययावत केलेलं विमान दलात परत घेण्याआधी ते नीट उडतं का, हे तपासायला बसलेले चाचणी वैमानिक. पुढं ज्यांनी ते उडवायचं, त्यांच्यासाठी जोखीम आधी यांनी घेतलेली. पेढ्यांची गोष्ट फोनवर ऐकून धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तात्यांनी बरं केलं. आम्ही विमान तयार करून देतो तेव्हा आत बसणाऱ्याचं तोंड बघितलेलं असतं गं."

सैनिक टाकळीसारख्या, घरोघरी फौजी असलेल्या गावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नसेल. आपल्या घरावरचं टळलं की दुसऱ्याच्या दाराकडं बघायचं भान फार थोड्यांना राहतं. तुम्हाला राहिलं, आणि तुमच्यामुळं आम्हालाही.

धाकटा सुट्टीवर आला की आधी तुमच्याकडं येणार आहे. त्या दिवशी काकूंना घेऊन जेवायला आमच्याकडं यायचं, आईनं बजावून सांगितलंय. नाही म्हणू नका.

तुमची,
धाकट्याची ताई