जुनी गाडी उंच करू नका, ताळ्यावर आणा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या वृत्तपत्रात खड्ड्यांविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत. परंतु त्याच खड्ड्यांतून वर्षानुवर्षे गेलेल्या गाडीच्या पोटाखाली काय झालेले असते, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. माझ्याकडे नोव्हेंबर २०११ मध्ये नोंदवलेली वॅगन आर आहे. नाशिकरोडहून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन येऊन ती रोज सुमारे पन्नास किलोमीटर धावते आणि आजवर तिचे १ लाख ६० हजार किलोमीटर झाले आहेत. इंजिनाची तक्रार नाही, पत्रा शाबूत आहे, तेलपाणी वेळेवर होते. म्हणून सस्पेन्शनकडे, म्हणजे चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप आणि सांध्यांकडे, बघण्याची गरज मलाही कधी वाटली नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते काम करून घेताना जे कळले, ते माझ्यासारख्या जुनी गाडी रोज वापरणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

सस्पेन्शनची झीज इतकी सावकाश होते की गाडी रोज चालवणाऱ्यालाच ती सर्वांत उशिरा समजते. आमच्या घरी ती प्रथम माझ्या पत्नीच्या लक्षात आली. मागच्या सीटवर बसल्यावर होडीत बसल्यासारखे वाटते, असे ती वर्षभर म्हणत होती आणि मी त्याचे खापर रस्त्यावर फोडत होतो. पुढे एकदा मोहदरी घाट उतरताना, वळणावर डांबराच्या उंचसखल जोडावरून चाके गेली आणि गाडीची मागची बाजू किंचित बाहेर सरकल्याचे मला स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवले. वेग फार नव्हता, काही झाले नाही, पण घरी आल्यावर मी टायरवरून तळहात फिरवून पाहिला, तर रबरावर ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे हाताला लागले. चाक रस्त्याला सतत धरून न राहता उड्या मारत चालल्याची ती खूण असते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

याबाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडीचा भार शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) पेलतो, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक भार पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम त्या स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे असते. त्याच्या आतील दट्ट्या तेलाला बारीक झडपांतून ढकलतो आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंगवर ठेवलेली मोटार सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होऊ पाहते, तर चाक आपल्या जागी दहा ते पंधरा वेळा थरथरू शकते. पहिली हालचाल आवरली नाही तर पोटात ढवळते, एवढेच. दुसरी आवरली नाही तर टायर क्षणोक्षणी रस्ता सोडतो, आणि जे चाक हवेत आहे त्यावर ब्रेक चालत नाही आणि स्टिअरिंगही चालत नाही. म्हणूनच झिजलेले सस्पेन्शन ही आरामाची बाब समजून पुढे ढकलणे चुकीचे आहे. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडून पाहण्याची आपली पद्धत पूर्ण निकामी झालेला शॉकअप दाखवते, पण निम्मा मेलेला शॉकअप त्या परीक्षेत हमखास पास होतो.

मी तीन ठिकाणी चौकशी केली. अॅक्सेसरीजच्या एका दुकानात स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर सुचवण्यात आले: अर्ध्या तासाचे काम, गाडी इंचभर उचलते, तळ घासत नाही. यालाच तिथे ‘सस्पेन्शन अपग्रेड’ म्हणतात. पण बफर ज्या वेटोळ्यांमध्ये बसतो ती दबायची थांबतात, उरलेल्या वेटोळ्यांवर सगळा ताण येतो आणि स्प्रिंग पूर्वीपेक्षा कडक होते. कडक स्प्रिंग उसळी घेते तीही जोराने, आणि ती उसळी आवरण्याचे काम पुन्हा त्याच थकलेल्या शॉकअपकडे जाते. गाडी उंच दिसते, मालकाला बरे वाटते आणि मूळ दुखणे दुप्पट होते. दुसऱ्या ठिकाणी, एका गॅरेजमध्ये, गाडी न उचलताच ‘मागचे दोन शॉकअप टाका, भागेल’ असे सांगण्यात आले.

तिसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी मात्र गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावले. त्यांनी पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशजवळ, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याजवळ, टॉमी (लोखंडी पहार) घालून नुसती कलती केली, तर बुशाचे रबर तोंड उघडावे तसे फाकले आणि आतली चीर दिसली. डाव्या बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या गोल सांध्याचा, बूट (रबरी टोपण) फाटून ग्रीसमध्ये माती गेली होती. पुढच्या दोन्ही स्ट्रटांवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या शॉकअपवर, तेलाचा ओघळ होता आणि त्यावर धुळीचा थर बसला होता. स्ट्रटच्या वरच्या माउंटचे रबर कडक होऊन बसले होते. स्टिअरिंग फिरवताना येणारा ‘टक’ असा आवाज तिथून येत होता. मी तो दोन वर्षे ऐकत होतो आणि रेडिओ मोठा करत होतो. ‘साहेब, नुसता शॉकअप नवीन घातला तर तो जुन्या बुशाला मारतो,’ एवढे एकच वाक्य ते बोलले, आणि मला ते पटले. नव्या शॉकअपची पकड वाढते, ती पकड सैल झालेल्या सांध्यांवर येते, आणि वर्षभरात ते सांधे वाजू लागतात.

शेवटी पुढचे दोन्ही स्ट्रट, त्यांचे माउंट, बेअरिंग आणि बम्प स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारे रबर), दोन्ही लोअर आर्म, मागचे दोन शॉकअप आणि बुश एवढे एकाच वेळी बदलले. मजुरी आणि व्हील अलाइनमेंट धरून खर्च १८ हजारांच्या आत राहिला. डाव्या-उजव्या जोडीतला एकच भाग बदलू नये, हे बहुतेकांना माहीत असते. मला माहीत नव्हते ते वेगळेच. लोअर आर्मच्या बुशाचे बोल्ट, गाडी जॅकवर असताना आणि चाके लोंबत असताना, पूर्ण आवळायचे नसतात. बुशाच्या आतली नळी बोल्टने जागच्या जागी घट्ट होते आणि तिला चिकटलेले रबर पिळले जाऊन आर्मला हलू देते; चाक लोंबते असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर उभ्या गाडीतही कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मिस्त्रींनी बोल्ट आधी हलके बसवले, गाडी चाकांवर उतरवली, दोनदा दाबून सोडली आणि मग खड्ड्यात उतरून शेवटचा पाना मारला. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि घाईच्या गॅरेजात नेमके तेच गाळले जाते, म्हणून वाचकांनी त्या वेळी जवळ उभे राहावे.

अपग्रेड करूच नये असे माझे म्हणणे नाही. मूळ मापाचे पण गॅस भरलेले शॉकअप मिळतात. त्यांतील दाबामुळे तेलाला फेस येण्याचे प्रमाण कमी होते, म्हणून खराब रस्त्यावर ते लवकर ढिले पडत नाहीत. रोज लांब जाणाऱ्याने ते अवश्य घ्यावेत. पॉलियुरेथेनचे कडक बुश मात्र शर्यतीच्या गाडीला शोभतात. रोजच्या गाडीत ते रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत आणून पोहोचवतात. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली आणण्याची हौस तर वेडेपणाच आहे. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ तसाच लावला आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत पक्के बिल घ्यावे, खोक्यावरील पार्ट नंबर ताडून पाहावा आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे; बिलाविना स्वस्त देतो म्हणणाऱ्याचा मोह पडायला तेवढे कारण तरी आता कमी झाले आहे. विम्याचा येथे उपयोग नाही, कारण नेहमीच्या वापराने होणारी झीज पॉलिसीत धरली जात नाही.

आता रस्त्याविषयी, कारण सगळा दोष गाडीच्या वयाचा नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक तत्त्वांच्या १९८८ च्या आवृत्तीत, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडायचा गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला होता. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक मी टेपने मोजला: उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर. तो गतिरोधक कसला, आडवा टाकलेला ओंडकाच तो. कितीही सावकाश गेले तरी त्यावरून उतरताना स्ट्रट पूर्ण ताणला जातो, आणि हे दिवसातून दोनदा, वर्षातून सहाशे वेळा घडते. रस्त्यावर गतिरोधक घालणाऱ्या यंत्रणेने निदान हे माप तरी पाळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

परिवहन विभागालाही एक विनंती करावीशी वाटते. हीच गाडी टॅक्सी असती, तर पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागले असते. खासगी मोटारीच्या धुराची तपासणी नियमित होते, तिच्या बॉल जॉइंटकडे मात्र नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत कायद्याने कोणीही बघत नाही. दहा वर्षांनंतर खासगी गाड्यांचीही सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांपुरती साधी तपासणी ठेवली, तर कोणाची गैरसोय होईल असे वाटत नाही. फक्त ती खड्ड्यावर उभी करून, टॉमी लावून व्हावी, टेबलावर शिक्का मारून नव्हे.

माझ्या गाडीची पंधरा वर्षे येत्या नोव्हेंबरात भरतात. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाले आहे आणि ते भरण्याची माझी तयारी आहे. काढलेले दोन्ही लोअर आर्म मी पोत्यात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत. तपासणीच्या दिवशी गाडीखाली वाकून पाहणारा कोणी भेटला, तर त्याला ते दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिकरोड