चौपन्न मार्कांबद्दल

दादर, मुंबई
नोव्हेंबर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध आणि त्यावरचे शेरे काल रात्री सावकाश वाचले. फोनवर तू 'चौपन्न' म्हणालास आणि लगेच बाबांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलास. बारावीला ब्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलाला हा आकडा किती लागला असेल ते आवाजावरूनच कळलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

बारावीचे पेपर मी वर्षानुवर्षं तपासतेय. समोर बोर्डाची नमुना उत्तरं असतात. मुद्दा आला की त्याचा मार्क द्यायचा. सगळे मुद्दे आले की मूल नव्वदीत जातं. ब्रिटनमध्ये मोजपट्टीच वेगळी आहे. तिथे ७० च्या वर प्रथम श्रेणी आणि ८० फार थोड्यांच्या वाट्याला येतात. आपल्याकडे ३५ ला पास, तुझ्याकडे ४० ला. तेव्हा तू व्यवस्थित पास झालायस. शिवाय स्कॉटलंडमधली ऑनर्स पदवी चार वर्षांची, आणि एडिंबरामध्ये तिची श्रेणी सहसा नंतरच्या वर्षांच्या गुणांवर ठरते. तुझ्या विभागाच्या हँडबुकात ते एकदा नीट वाचून घे.

मला आकड्यापेक्षा एक शेरा महत्त्वाचा वाटला. दुसऱ्या पानावर तू महागाईचे आकडे ओळीनं मांडलेस आणि समासात शिक्षकांनी लिहिलंय, 'मग यावरून काय?' ओंकार, माहिती सगळी बरोबर आहे, पण तुझं म्हणणं काय ते पाचही पानांत कुठे सापडत नाही. इथे ते तुला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी प्रत्येक परिच्छेद संपला की हाच प्रश्न स्वतःला विचार. आणि ज्याचं वाक्य किंवा विचार घेशील त्याचा संदर्भ तिथल्या तिथे दे. गाईडमधलं उत्तर आपल्या नावावर उतरवणं तिकडे चोरीत मोडतं. मुद्दाम केलं नव्हतं म्हणून कुणी सोडत नाही.

त्या शिक्षकांना जाऊन भेट. मुलांनी येऊन विचारावं म्हणूनच त्यांनी वेळ राखून ठेवलेली असते. रुपारेल कॉलेजला स्टाफरूमच्या दारात तुम्ही 'सर, आत येऊ का' म्हणत ताटकळायचात. तिकडे शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारतात, तेही तुला जड जात असेल. तरी जा. मार्क वाढवून मागू नकोस. हा परिच्छेद दाखव आणि 'इथे मी काय म्हणायला हवं होतं?' एवढंच विचार. माझ्याकडे असं विचारायला येणारं मूल वर्षात एखादंच असतं, आणि ते मला कायमचं लक्षात राहतं.

दुसरं जेवणाचं. रात्री दहानंतर स्वयंपाकघर रिकामं झालं की तू खिचडी लावतोस आणि खोलीत नेऊन खातोस, हे मला आवडलेलं नाही. फोडणीच्या वासाची लाज कसली? फोडणी देताना खिडकी उघड, एक्झॉस्ट लाव आणि दार बंद ठेव, म्हणजे अलार्म वाजणार नाही. शनिवारी सकाळी जास्तीचे पोहे कर आणि टेबलावर ठेव. पहिल्या दिवशी एकच जण खाईल. तोही पुरे.

डिसेंबरात तुमच्याकडे पावणेचारच्या आत सूर्य मावळेल. मुंबईच्या मुलाला तो अंधार अंगावर येतो. दुपारी तास मोकळा असेल तर लायब्ररीत बसू नकोस, आर्थर्स सीट टेकडीच्या बाजूला चालून ये. 'ड' जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी हिवाळाभर रोज घे; तिथलं सरकारच तसं सांगतं. डॉक्टरांकडे नाव नोंदवलं नसशील तर याच आठवड्यात नोंदव. व्हिसाबरोबर आरोग्याचे पैसे आपण भरलेत आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत. मन फार जड झालं, झोप उडाली, तरी त्याच डॉक्टरांना सांगायचं. आधी मला सांगितलंस तर उत्तमच, पण मी तिथे नाही.

कॅफेतलं काम हवं तर कर, पण टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर एक तासही नको. व्हिसाची अट आहे ती. कर्जाचे हप्ते तुझं शिक्षण संपल्यावर सुरू होणार आहेत. ते बाबा आणि मी बघतोय.

तुमची घड्याळं मागे गेल्यापासून साडेपाच तासांचा फरक झालाय. रविवारी तुझ्या दोनला फोन कर, आमचे साडेसात वाजलेले असतील. शिक्षक काय म्हणाले ते तेव्हा नीट सांग, विषय बदलू नकोस.

तुझी,
आई

ता. क. पार्सलमध्ये भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला आहे. दुधाचे पदार्थ तिकडे येऊ देत नाहीत, म्हणून पेढे नाहीत. भाजणी मोजून दोघातिघांना पुरेल एवढी दिलीय.