हनुक्काच्या शुक्रवारी शाळा लवकर सुटणार

शालोम पालकहो,

यंदा हनुक्काचा (ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण) पहिला दिवा ४ डिसेंबर २०२६ला, नेमका शुक्रवारी आलाय. न्यू जर्सीत तेव्हा साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लागतात आणि हनुक्काचा त्याहीआधी. म्हणून शाळा दुपारी १२लाच सुटेल. रोबोटिक्स क्लब बंद. गाडी वेळेवर आणा.

सुफगानियोत (तळलेले गोड डोनट) आणि बटाट्याचे लाटके (किसून तळलेल्या टिक्क्या) शाळाच देणार आहे. घरचे बटाटेवडे पाठवू नका (मोह होतो, माहीत आहे). कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) स्वयंपाकघरात बाहेरचं चालत नाही.

बास्केटबॉलचा सामना शनिवारी रात्री ८ला, म्हणजे शब्बाथ संपवून, दुसरा दिवा लावूनच निघा. मुलांना जाड जॅकेट द्याच. हुडीला जॅकेट समजू नये.